कानानं बघितलेली मालिका

"आजपासून साडेसातला मी इथं बसणार," ज्योतीराम म्हणाला आणि टीव्हीसमोरच्या दिवाणावर मधोमध बूड टेकवून त्यानं जागा दाखवली. "सहा वर्षं कानानं बघितली. आता डोळ्यानं बघायची."

दुर्गाबाईच्या घशात चहा अडकला. ठसका लागला तो थांबेचना. ज्योतीरामनं आईच्या पाठीवर थापा मारल्या, "वर बघ, वर बघ" म्हणाला, आणि दुर्गाबाईनं वर बघितलं. वर पंखा गरगरत होता. त्याच्याकडं बघत ती मनात म्हणाली, मेले आता.

कालच ज्योतीराम चाकणच्या कंपनीतून रिटायर झाला होता. चौतीस वर्षं मेंटेनन्सला, त्यातली शेवटची वीस सेकंड शिफ्टला. सेकंड त्यानं आपणहून मागून घेतली होती. तेव्हा मोशीच्या ह्या घरासमोर दोन म्हशी होत्या आणि सकाळी त्यांच्या वैरणपाण्याला माणूस लागायचं. पुढं गोठ्याच्या जागी तीन मजले उभे राहिले, म्हशी गेल्या, शिफ्ट तेवढी राहिली. दुपारी दोनला कंपनीची बस, परत यायला रात्रीचा एक. गुरुवारी सुट्टी, पण गुरुवारी संध्याकाळी देहूला भजन आणि पखवाज ह्याच्याकडं. त्यामुळं 'माप ओलांडताना' ह्या मालिकेचा एकही भाग ज्योतीरामनं आजतागायत बघितला नव्हता. आणि तरी मोशीत त्याच्याइतका त्या मालिकेचा भक्त दुसरा नव्हता.

कारण सकाळी नऊला तो उठायचा, चहात खारी बुडवायचा आणि म्हणायचा, "हां आई. मग?" मग आई सांगायची. फोनवर बघ म्हणणाऱ्यांना तो उडवून लावायचा. आईच्या तोंडून जी मजा येते ती फोनवर नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्याला वाटत होतं त्यापेक्षा फार जास्त खरं होतं.

पहिली दोन वर्षं दुर्गाबाईनं इमानदारीत सांगितली. कोण रडलं, कोणी कोणाच्या दुधात काय कालवलं, सगळं. मग एकदा डिशचं रिचार्ज संपलं आणि धाकट्या लेकानं, जयसिंगनं, ते करायला आठवडा लावला. सकाळी ज्योतीराम खारी बुडवून बसलेला. आता काय सांगायचं? तोंडाला आलं ते तिनं सांगितलं. मालिकेतल्या अन्विताच्या घरी टाकीच्या पाण्यावरून दोघी जावांची जुंपली आणि मोठीनं धाकटीची बादली लाथाडली. ही खरी जुंपली होती आदल्या दिवशी, ह्याच घराच्या जिन्यात, दुर्गाबाईच्या दोन सुनांची. ज्योतीराम पोट धरून हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "चूक धाकटीची हाय. टाकी दोघींची तर पाणी दोघींचं. वरच्या मजल्याला वेगळा कॉक बसवायचा, मिटला विषय." दुपारी दुर्गाबाईनं प्लंबर बोलावून वेगळा कॉक बसवला. विषय मिटला.

हीच गोष्ट सरळ सांगितली असती तर? "आई, सकाळी सकाळी डोक्याला ताप देऊ नको," म्हणून त्यानं चादर डोक्यावर ओढली असती. घरचं गाऱ्हाणं म्हटलं की ह्याला झोप यायची, आणि अन्विताच्या घरचं म्हटलं की खारी चहात विरघळून तळाला गेली तरी पत्ता नाही. दुर्गाबाई शाळेत गेली नव्हती, पण एवढं कळायला शाळा लागत नाही. तेव्हापासून ती संध्याकाळी एक मालिका बघायची आणि सकाळी दुसरीच सांगायची.

ज्योतीराम ती कंपनीच्या कॅन्टीनला जाऊन सांगायचा. सेकंड शिफ्टची सत्तर माणसं. साडेसातला एकही घरी नसायचा. काहींच्या बायका म्हणायच्या, अहो, असलं काही दाखवत नाहीत त्यात. तर गडी म्हणायचे, तू भाकरी थापता थापता बघतीस, तुला काय कळतंय. ज्योतीरामभाऊंच्या आई मांडी घालून बघतात.

इथवर सगळं गमतीत चाललं होतं. पण चार महिन्यांपूर्वी दुर्गाबाईनं त्यात वर्षालीला घातलं.

वर्षाली ज्योतीरामची एकुलती लेक. इंजिनिअर, तीन वर्षं हिंजवडीला. ज्योतीरामला कोणीही काहीही विचारलं, अगदी किती वाजले विचारलं, तरी उत्तरात कुठंतरी "आमची वर्षा हिंजवडीला" यायचंच. आणि वर्षालीला ती नोकरी सोडायची होती. साबियाबरोबर तिला बॅटरीच्या स्कूटर दुरुस्त करायचं गॅरेज काढायचं होतं. साबिया म्हणजे शफीची मुलगी, आणि शफी म्हणजे ज्योतीरामचा तीस वर्षांचा दोस्त. भोसरीत शफीचं गॅरेज आहे, मागं एक पत्र्याची शेड रिकामी पडलेली. पण शफीनं अट घातली होती. "ज्योती हो म्हणला तरच शेड. दोस्ताच्या पोरीला दोस्तापासून चोरून जागा दिली तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

दुर्गाबाईनं लेकाला ही गोष्ट सरळ सांगायचा प्रयत्न पाच वेळा केला. पाचही वेळा चादर. सहाव्या दिवशी तिनं सांगितलं की अन्विताच्या नणंदेनं बँकेतली नोकरी सोडलीय आणि मैत्रिणीबरोबर केकचं दुकान काढायचं म्हणतेय, पण बापाला विचारायची हिंमत होत नाही.

"काढू दे की!" ज्योतीराम म्हणाला. "हातात कला हाय, पोरगी धडधाकट हाय. आन बापाला विचारायची भीती वाटत आसंल, तर बाप गाढव हाय."

"नक्की?"

"लिहून घे."

दुर्गाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं शफीला फोन लावला आणि सांगितलं, ज्योती हो म्हणाला. सुनेला सांगितलं, नातीला सांगितलं. वर एक पुस्ती जोडली: "पण त्याच्याजवळ इषय काढू नका. बाप हाय, उघड कौतुक करायला लाजतोय."

आणि आज रिटायरमेंटच्या जेवणाला शफी आणि साबिया घरी येणार होते. साडेसातच्या आधी.

*

वर्षाली सहाला आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते. सिंकवर साबण लावता लावता तिनं विचारलं, "पप्पांना काय झालंय? टीव्हीसमोर नवी लुंगी नेसून बसलेत."

"मालिका बघायचीय," तिची आई शालन म्हणाली. ती पुऱ्या लाटत होती. "बघू दे की. पण आत्या सकाळपासनं अशा बसल्यात, जसं काय घरात मयत झालीय."

दुर्गाबाई जमिनीवर लसूण सोलत होती. सोललेल्या पाकळ्या सालीत टाकत होती आणि साली वाटीत. "वर्षे," ती म्हणाली, "दार लाव."

दार लावल्यावर तिनं सगळं सांगितलं. कॉकपासून केकच्या दुकानापर्यंत. मधे एकदाही थांबली नाही, आणि वर्षालीच्या लक्षात आलं की अशा वेळीसुद्धा म्हातारी झकास सांगते.

"थांब," वर्षाली म्हणाली. "पप्पा हो म्हणाले होते. तूच मला सांगितलंस."

"म्हणाला की. खंडोबाची आण."

"कोणाला म्हणाले?"

दुर्गाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन्विताच्या नणंदेला."

वर्षालीनं नळ बंद केला. नोकरी सोडून चार महिने ती त्या एका होकारावर चालली होती. पप्पा तोंडानं काही बोलले नव्हते, पण पप्पा कधी बोलतात? गेल्या गुरुवारी त्यांनी विचारलं होतं, "हिंजवडीचा ट्राफिक कसाय?" तिला वाटलं चेष्टा करतायत. ती खुशीत हसली होती. तेसुद्धा हसले होते. आणि ते खरंच ट्राफिक विचारत होते! तिला लाज वाटली, मग आजीचा भयंकर राग आला, आणि त्या दोन्हीच्या खाली नुसतं वाईट वाटलं. पहिली स्कूटर चालू झाली त्या दिवशी तिनं पप्पांसाठी पेढे आणून फ्रिजमध्ये ठेवले होते. त्यांनी खाल्ले होते. कसले म्हणून विचारलंही नव्हतं.

"एक मिनिट," शालनचं लाटणं थांबलं. "हे मला चार दिवसांपूर्वी म्हणत होते, त्या मालिकेतली मोठी जाऊ फार वेंधळी, भाजीत दोनदा मीठ टाकती. ती मी का?"

"एकदाच सांगितलं ते."

"आत्या!"

"बरं, दोनदा."

"वायर काढून टाकते मी टीव्हीची," शालन उठली. पिठाचे हात, कमरेला पदर. नवऱ्याच्या बाजूनं उठली की सासूच्या, हे तिचं तिलाही ठरवता येईना. "आजचं टळू दे. उद्याचं उद्या."

"नको," वर्षाली म्हणाली. "मी सांगते त्यांना. आत्ता. साडेसातच्या आधी."

ती हात न पुसताच बाहेर गेली. पण बाहेर वरच्या मजल्यावरून जयसिंगकाका आणि रश्मीकाकू उतरले होते, दारात शफीचाचा हलव्याचा डबा घेऊन चपला काढत होते, मागं साबिया होती, आणि पप्पा दिवाणावरून ओरडत होते, "ये शफी! बरोबर टायमाला आलास. बस हितं माझ्याजवळ."

*

रश्मीला मुळात खाली यायचंच नव्हतं. रिटायर झालेल्यानं जेवण घालायचं की त्याला घालायचं, हा तिचा प्रश्न होता. पण हलव्याचा डबा दिसला म्हणून ती खुर्ची ओढून बसली.

"शफी, तू बघत न्हाईस मालिका?" ज्योतीराम म्हणाला. "मग आधी मागचं ऐक. न्हाईतर कळायचं न्हाई."

"ज्योती, तूच आधी पाणी पी," दुर्गाबाई आतून धावत आली.

"नंतर. तर ह्या घरात दोन जावा. मोठी जरा वेंधळी, पण मनानं सोनं. धाकटी म्हणजे इरसाल! शफी, तुला सांगतो, त्या बाईनं फ्रिजला कुलूप लावलं. फ्रिजला! का, तर कोणतरी दही खातंय."

रश्मीनं पायावर पाय टाकलेला होता तो खाली घेतला. फ्रिजला कुलूप तिनं दिवाळीनंतर लावलं होतं. दही दुर्गाबाई खात होती.

"मग पुढं?" शफीला मजा वाटायला लागली.

"पुढं काय? म्हातारी वस्ताद. तिनं किल्लीच शोधून काढली. तांदळाच्या डब्यात!"

रश्मीनं सासूकडं बघितलं. सासू पंख्याकडं बघत होती. स्वयंपाकघराच्या दारात शालन तोंडात पदर कोंबून उभी होती. ते बघून रश्मीच्या डोक्यात एकदम सगळं लख्ख झालं. ही मालिका ती स्वतः रोज वरच्या मजल्यावर बघत होती. तिच्यात फ्रिजच नव्हता. त्या घरातले लोक जेवतानासुद्धा कधी दिसले नव्हते.

"आन धाकटा भाऊ तर बघूच नको," ज्योतीराम रंगात आला. "कामधंदा शून्य. कोणातरी नेत्याच्या मागंमागं. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावतो. त्याच्यात नेत्याचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आन ह्याचा दाराएवढा, गॉगल लावून!"

जयसिंग सगळ्यात मोठ्यानं हसला. मांडीवर थाप मारून म्हणाला, "असली माणसं असतात राव! आमच्या वॉर्डात चार हायेत."

रश्मीनं कपाळाला हात लावला. नवऱ्याचा गॉगल त्या घटकेला त्याच्या डोक्यावर होता.

"पप्पा," वर्षाली म्हणाली, "मला जरा बोलायचंय. आत चला ना."

"मालिका झाल्यावर. आन शफी, सगळ्यात भारी त्या घरात कोण आसंल तर ती नणंद. लई हिमतीची पोरगी. बँकेतली नोकरी सोडली, मैत्रिणीला घेतलं, केकचं दुकान टाकलं. बापाला पत्ता न्हाई! बाप आपला चादर घेऊन घोरतोय."

शफी हसला. साबियाकडं आणि वर्षालीकडं बोट करून म्हणाला, "मतलब, आपल्या ह्या दोघींसारखंच की रे."

"आपल्या? कोणाच्या?" ज्योतीरामनं विचारलं, आणि तेवढ्यात टीव्हीवर शंख वाजला. "श्श! लागली, लागली. कोणी बोलू नका."

*

ज्योतीरामनं मांडी घातली. मालिका सुरू झाली.

एका मोठ्या दिवाणखान्यात नऊ माणसं अर्धगोल करून उभी होती. एक बाई, तीच अन्विता असावी, दुसऱ्या बाईच्या कानाखाली वाजवत होती. कानाखाली तीन वेळा वाजली, तीन बाजूंनी, मागं ढगांचा गडगडाट. मग नवांच्या नऊ माणसांचे चेहरे एकेक करून दाखवले. मग जाहिरात.

"आता दुकान दाखवतील," ज्योतीराम म्हणाला.

जाहिरातीनंतर एक माणूस दारात उभा राहिला. तो म्हणे मेला होता. आता चेहरा बदलून परत आला होता आणि अन्विताला काही आठवत नव्हतं. ज्योतीराम पुढं सरकून बसला. त्याला वाटलं, दुसरं चॅनेल लागलंय. त्यानं रिमोट घेऊन नाव बघितलं. 'माप ओलांडताना.' बरोबर होतं.

"नणंद कुठाय?" त्यानं विचारलं.

मग रश्मी बोलली, आणि तिनं प्रत्येक शब्द नीट निवडून घेतला. "भाऊजी, अन्विताला नणंद नाहीये. नवरा एकुलता एक आहे. जाऊ नाही, दीर नाही. फ्रिजपण नाही. मी पहिल्या भागापासून बघतेय."

ज्योतीराम हसला. कोणी साथ दिली नाही म्हणून थांबला. त्यानं मेंटेनन्समध्ये चौतीस वर्षं काढली होती. मशीन बंद पडलं की तो एकेक जोडणी हातानं चाचपत जायचा, तसा आता गेला.

"आई. फ्रिजचं कुलूप?"

"वरच्या मजल्यावर," दुर्गाबाई म्हणाली.

"फ्लेक्स?"

सगळ्यांनी जयसिंगकडं बघितलं. जयसिंग म्हणाला, "काय?"

"पाण्याची टाकी. दोन येळा मीठ." त्याचा आवाज खाली आला. "आन नणंद?"

"मी," वर्षाली म्हणाली. "केक नाही, स्कूटर. चार महिने झाले. साबिया आणि मी, चाचांच्या शेडमध्ये. मला आजीनं सांगितलं होतं तुम्ही हो म्हणालात. मला आजच कळलं कोणाला म्हणालात ते."

टीव्हीवर परत कोणाच्या तरी कानाखाली वाजली. शालननं जाऊन तो बंद केला.

शफी उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता. "ज्योती, तुला ठाऊक नव्हतं? मी इथं येता येता साबियाला म्हणलं, ज्योतीनं मन मोठं केलं. कसम से, मला ठाऊक असतं तर..." त्यानं दुर्गाबाईकडं बघितलं, पण ती ऐंशीची बाई, तिला काय बोलणार? "उद्या शेडला कुलूप लावतो मी. तू सांगशील तेव्हा उघडंल. नाही सांगितलंस, तर नाही."

"अब्बा, अकरा गाड्या आहेत आत," साबिया म्हणाली. "गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"जे खरंय ते सांग. इथं तेवढंच कोणी करत नाही."

ज्योतीरामच्या कानात गरम वाफ भरली होती. त्याला आधी कॅन्टीन आठवलं. सत्तर माणसं. सत्तर माणसांसमोर त्यानं रोज स्वतःच्या घराची धुणी धुतली होती आणि वर टाळ्या घेतल्या होत्या. बापाला गाढव तो म्हणाला होता. तेही त्यानं कॅन्टीनला सांगितलं होतं आणि सगळे हो हो म्हणाले होते.

"खोटं बोललीस तू मला," तो आईला म्हणाला. "सहा वर्षं!"

"चार. पहिली दोन खरी हायेत." दुर्गाबाईची मान ताठ झाली. आता पकडलंच होतं, तर ती भिणाऱ्यांतली नव्हती. "आन खोटं कुठलं? नावं बदलली, दुसरं काय बदललं? तुझ्या घरात काय चाललंय ते रोज सकाळी तुला सांगत हुते. रोज! तूच म्हणायचास, मग? मग?"

"सरळ सांगायला काय झालं हुतं?"

"पाच येळा सांगितलं. चादर घेतलीस डोक्यावर. परक्याची लेक म्हणलं तर उठून बसलास. म्या काय करायचं हुतं मग? ह्या पोरीनं काय करायचं हुतं?"

ज्योतीरामनं रिमोट दिवाणावर टाकला. मग म्हणाला, "जेवायला वाढा."

जेवायला बसले. पुऱ्या मोडल्याचासुद्धा आवाज येत होता. शफी दोन घासांत उठला. रश्मीनं हलवा दोनदा घेतला आणि सासूच्या वाटीत स्वतःच्या हातानं दही वाढलं. का वाढलं ते तिलाही सांगता आलं नसतं. मोठी गोष्ट पेटली की फ्रिजचं कुलूप अगदीच चिल्लर वाटतं. मधेच जयसिंगचा घास तोंडाशी थांबला.

"ए," तो म्हणाला, "तो फ्लेक्सवाला मी का?"

"जेव," रश्मी म्हणाली.

*

सकाळी आठला वर्षाली पायरीवर बसून बुटाची लेस बांधत होती. शेडला कुलूप लागायच्या आधी पोचून अकरा जणांना फोन करायचे होते. मागं पप्पांची चाहूल लागली. ते सहापासून जागे होते, हे तिला माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं. पण आज त्यांनी चहा मागितला नव्हता.

ते तिच्या शेजारी पायरीवर बसले. रस्त्यावरचा पाण्याचा टँकर बघू लागले.

"त्या नणंदेचा जो बाप हाय ना," ते म्हणाले, "त्याला जरा..."

"पप्पा." तिनं लेस सोडली. "नणंद नाहीये. बाप पण नाहीये तिचा. मी आहे. माझ्याशी बोला. नाहीतर मी जाते, उशीर होतोय."

त्यांनी ओठांवरून हात फिरवला. एवढं अवघड काम त्यांना बऱ्याच दिवसांत लागलं नव्हतं.

"राग आला मला," ते म्हणाले. "लई आला. हिंजवडी हिंजवडी करत फिरलो मी गावभर."

"हं."

"आन काल दुपारी दोन वाजले. पायात चपला घातल्या आन बस यायची तिथं जाऊन हुबा राहिलो. बस आली. ड्रायव्हरनं हात केला आन गेला. तिथनं घरी यायचं माझ्या जिवावर आलं. कुणाला सांगितलं न्हाई. मला भ्या वाटतंय, वर्षा. तू नोकरी सोडलीस, मला कंपनीनं सोडलं. एकाच टायमाला घरातल्या दोन्ही नोकऱ्या गेल्या. आता काय धरायचं, मला कळंना."

वर्षालीनं पप्पांच्या तोंडून भीती हा शब्द कधी ऐकला नव्हता. "मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "रोज शेड उघडताना वाटते. पण तुम्ही हो म्हणालात, असं मनात म्हणायचे आणि शटर वर करायचे. चार महिने तेवढ्यावर काढले मी. म्हणून कालचं लागलं. शेडचं नाही लागलं एवढं."

ज्योतीरामनं तिच्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडांना ग्रीस बसलं होतं. चौतीस वर्षं त्याच्या स्वतःच्या नखांना तेच होतं आणि ते घासून जात नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

"तिला बरं पटकन हो म्हणालात," वर्षाली म्हणाली. आता तिचा आवाज फुटला. "मला म्हणा ना. एकदा. तोंडावर."

आत पातेल्यांचा आवाज बंद झाला. शालन ऐकत होती. दुर्गाबाईनं तर ऐकायला यायचं यंत्र कानात नीट बसवलं.

ज्योतीरामनं दोनदा घसा खाकरला. वरच्या खिडकीतून जयसिंग वाकून बघत होता, त्याला हातानं आत जा म्हणून सांगितलं. मग लेकीकडं वळला. तिच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय नव्हती म्हणून आधी तिच्या कपाळाकडं बघितलं, मग डोळ्यांत बघितलं.

"हो," तो म्हणाला. "काढ तू तुझं गॅरेज. माझा हो हाय. तुला."

वर्षालीनं मान खाली घातली आणि नाक ओढलं. ज्योतीरामनं खिशातून फोन काढला, नंबर लावला, आणि पलीकडून आवाज यायच्या आधीच मोठ्यानं बोलायला लागला, जसं सगळ्या आळीला ऐकू जायला पाहिजे.

"शफी, कुलूप काढ. हां, काढ म्हणतोय. पोरगी निघालीय." मग तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. "न्हाई रे बाबा, आईनं न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "मी सांगतोय. मी बोलतोय, ज्योतीराम."